नित्यसमानता, फर्स्ट ऑर्डर की सेकंड ऑर्डर? गुणधर्म तपासायची माझी रीत

चार अंक घ्या, फक्त सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, जे येईल त्यावर पुन्हा तेच. ५२०० पासून निघालात तर ५१७५, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. तिथून गाडी पुढे सरकत नाही. देवळालीला शाळामास्तर असलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा हा आकडा नाशिककरांना निदान ऐकून तरी ठाऊक असतो. गंगापूर रोडला माझ्या घरी रविवारी सेट-नेटची तयारी करणारी चार-पाच पोरं येतात. व्हरायटी आणि सेकंड ऑर्डर लॉजिक यांचं नातं काय, असं त्यांनी विचारलं की मी याच आकड्यापासून सुरू करते. व्याख्या पाठ करण्यापेक्षा वहीत पाच मिनिटं वजाबाकी केलेली बरी.

ग्रुप, रिंग, होमोमॉर्फिझम हे एमएस्सीला झालेलं आहे असं मी धरून चालते. बाकी सामान थोडंच लागतं. एक संच आणि त्यावरच्या काही क्रिया म्हणजे संरचना. काही नित्यसमानता (चलांच्या जागी कुठलेही घटक घाला, दोन्ही बाजू सारख्याच येतात अशी समीकरणं) ठरवायच्या आणि त्या पाळणाऱ्या सगळ्या संरचना एकत्र घ्यायच्या, की झाली व्हरायटी. फर्स्ट ऑर्डर वाक्यात 'प्रत्येक' आणि 'असा एक आहे' हे फक्त घटकांबद्दल म्हणता येतं. सेकंड ऑर्डरमध्ये तेच उपसंचांबद्दल, संबंधांबद्दल, फंक्शन्सबद्दलही म्हणता येतं.

आधी ६१७४

सुरुवातीची शून्यं धरली (०९९९ चालेल) आणि ००००, ११११ वगैरे दहा आकडे वगळले, की ९९९० घटक उरतात. त्यांवर एकच क्रिया, तिला क म्हणू. वगळलेल्या दहांपैकी एकही वजाबाकीतून परत येत नाही, तेव्हा क या संचाबाहेर नेत नाही. आता 'प्रत्येक आकडा शेवटी ६१७४ ला पोचतो' हे लिहायचंय. तीन जण तीन तऱ्हांनी लिहितील.

पहिला म्हणेल, कुठलाही आकडा जास्तीत जास्त सात पावलांत पोचतो. म्हणजे क सात वेळा लावला, त्याला क७ म्हटलं, तर क७(क्ष) = क७(य). शुद्ध नित्यसमानता. ६१७४ चं नावसुद्धा घ्यावं लागलं नाही.

दुसरा म्हणेल, प्रत्येक क्ष साठी असा एक न आहे की क न वेळा लावल्यावर ६१७४ येतो. वाचायला सरळ आहे, पण हा न आपल्या ९९९० घटकांपैकी नाही. तो बाहेर उभा राहून पावलं मोजतोय, आणि फर्स्ट ऑर्डर वाक्यात ती मुभा नाही. पोरं सर्वांत जास्त घसरतात ती इथे, कारण भाषेच्या दृष्टीने वाक्यात काहीच वावगं दिसत नाही.

तिसरा म्हणेल, उपसंच उ कुठलाही घ्या. क्ष उ मध्ये असेल आणि उ हा क खाली बंदिस्त असेल (उ मधल्या कशालाही क लावला तरी उत्तर उ मध्येच), तर ६१७४ उ मध्ये असलाच पाहिजे. न गेला, त्याच्या जागी उपसंचावरचा 'प्रत्येक' आला. हे चालतं का? चालतं, कारण क्ष ला धरून असलेला सर्वांत लहान बंदिस्त संच म्हणजे क्ष, क(क्ष), क(क(क्ष)) अशी रांगच. तिच्यात ६१७४ नसेल तर तोच उ आपलं वाक्य खोटं पाडेल.

इथे तिन्ही वाक्यं एकाच गोष्टीबद्दल बोलतात, ती केवळ त्या सातमुळे. पावलांवर मर्यादा नसेल तर काय होतं ते बघा. नैसर्गिक संख्या घ्या, शून्य धरून, आणि क्रिया 'एक वजा करा, शून्याचं शून्यच ठेवा'. प्रत्येक संख्या शून्याला पोचते, पण किती पावलांत ते आधी सांगता येत नाही. ही संरचना एकही अर्थपूर्ण नित्यसमानता पाळत नाही: कुठलीही लिहा, पुरेशी मोठी संख्या घेऊन ती मोडता येते. म्हणजे तिची व्हरायटी काढायला गेलात तर एक क्रियेच्या जगातल्या सगळ्याच संरचना आत येतात, 'एक मिळवा' वालीसुद्धा, जी कुठेच थांबत नाही. तिसऱ्याचं वाक्य मात्र ६१७४ च्या जागी शून्य घालून जसंच्या तसं लागू पडतं.

जाता जाता दोन अंकी आकड्यांचं करून बघा. तिथे एका आकड्यावर थांबत नाही, ०९, ८१, ६३, २७, ४५ असं चक्र लागतं. क७(क्ष) = क७(य) खोटं, पण क२(क्ष) = क७(क्ष) खरं. एकाच चलाची नित्यसमानता, वेगळी व्हरायटी.

पहिली चाचणी: बर्कहॉफ

कुठलाही गुणधर्म समोर आला की आधी विचारायचं, हा नित्यसमानतांत मावेल का? गॅरेट बर्कहॉफ यांनी १९३५ मध्ये दाखवलं की एखादा वर्ग व्हरायटी असतो तो नेमका तेव्हाच, जेव्हा होमोमॉर्फिक प्रतिमा, उपसंरचना आणि गुणाकार या तिन्हींत तो टिकतो. एच, एस, पी. पुस्तकं याच क्रमाने तपासतात. मी पी आधी तपासायला सांगते, कारण बहुतेक उमेदवार तिथेच गळतात आणि वेळ वाचतो.

फील्ड: दोन घटकांचं फील्ड स्वतःशी गुणा, (१,०) आणि (०,१) यांचा गुणाकार शून्य. गळालं. टॉर्शन ग्रुप, म्हणजे ज्यात प्रत्येक घटकाचा काही ना काही घात एकक होतो: प्रतिमा ठीक, उपग्रुप ठीक, दोन-तीन ग्रुपांचा गुणाकारही ठीक, आणि पोरं वही मिटायला लागतात. पण पी मध्ये अनंत ग्रुपांचा गुणाकारही येतो. सगळ्या आकारांचे चक्रीय ग्रुप एकदम गुणा, (१,१,१,…) या घटकाचा कुठलाच घात एकक होत नाही. एच मध्ये गळणारे कमी, पण आहेत. समान घटक काटता येतो अशा सेमीग्रुपांचा वर्ग पी आणि एस पार करतो. मग बेरजेखालच्या नैसर्गिक संख्या घ्या, ० ला ० वर आणि बाकी सगळ्यांना १ वर पाठवा, क्रिया 'दोघांतला मोठा'. प्रतिमेत १ आणि ० चा मोठा १, १ आणि १ चाही मोठा १, आणि काटायला गेलात तर ० = १.

क्रियांची यादी काय धरली, हेही इथेच पाहून घ्या. ग्रुपमध्ये फक्त गुणाकार ही क्रिया धरली तर ग्रुपांचा वर्ग व्हरायटी नाही: बेरजेखालच्या पूर्णांकांत नैसर्गिक संख्या बंदिस्त आहेत, पण ग्रुप नाहीत. एकक आणि व्यस्त या क्रिया यादीत घातल्या की लगेच व्हरायटी. दोन्हींमधला फरक नीट लिहा: 'असं एक फंक्शन आहे आणि असा एक घटक आहे, की पुढच्या नित्यसमानता पाळल्या जातात.' फंक्शनवर 'असं एक आहे' आलं, म्हणजे आपण न कळत सेकंड ऑर्डरमध्ये शिरलो. व्हरायटीतल्या काही क्रिया पुसल्या की उरलेल्या वर्गाचं वर्णन याच साच्यात निघतं. ग्रुपांच्या बाबतीत ते फर्स्ट ऑर्डरमध्ये उतरवता येतं, सगळीकडे जमत नाही.

दुसरी चाचणी: कॉम्पॅक्टनेस

टॉर्शन नित्यसमानतांत बसत नाही हे कळलं. फर्स्ट ऑर्डरमध्ये बसेल का? समजा बसतं, आणि ते वाक्य (किंवा वाक्यांचा संच) ट आहे. एक नवीन नाव घ्या, ग. ट च्या जोडीला ही अनंत वाक्यं ठेवा: ग एकक नाही, ग चा वर्ग एकक नाही, घन एकक नाही, आणि असंच पुढे. यातली कुठलीही सांत निवड घ्या, ती पुरेशा मोठ्या चक्रीय ग्रुपमध्ये खरी ठरते. कॉम्पॅक्टनेस सांगतो की मग सगळी मिळूनही कुठेतरी खरी असलीच पाहिजेत. तिथे ट खरं, म्हणजे तो ग्रुप टॉर्शन, आणि ग चा एकही घात एकक नाही. विसंगती. ट अस्तित्वातच नाही.

हा युक्तिवाद तोंडपाठ करा, परीक्षेत आणि बाहेरही उपयोगी पडतो. न दिसला, त्यावर मर्यादा नसली, की बहुधा हीच कात्री चालते.

सेकंड ऑर्डरमध्ये मात्र टॉर्शन एका ओळीत बसतं, कापरेकरांच्याच साच्यात: प्रत्येक क्ष आणि प्रत्येक उपसंच उ साठी, क्ष उ मध्ये असेल आणि उ गुणाकाराखाली बंदिस्त असेल तर एकक उ मध्ये आहे. याची किंमत लगेच मोजावी लागते. हे वाक्य आणि ग बद्दलची ती अनंत वाक्यं एकत्र ठेवा, प्रत्येक सांत तुकडा खरा आणि सगळं मिळून अशक्य. पूर्ण अर्थाच्या सेकंड ऑर्डरमध्ये कॉम्पॅक्टनेस नाही, याचा पुरावा तुम्ही आत्ताच लिहिलात.

दिशाही महत्त्वाची. सुरुवातीला 'असा एक उपसंच आहे' किंवा 'असं एक फंक्शन आहे' आणि पुढे सगळं फर्स्ट ऑर्डर, अशी वाक्यं अल्ट्राप्रॉडक्टमध्ये (अनेक संरचनांचा गुणाकार घ्यायचा आणि अल्ट्राफिल्टरच्या हिशेबाने 'बहुतेक' जागी सारखे असलेले घटक एकच धरायचे) टिकतात. 'प्रत्येक उपसंच' ने सुरू होणारी टिकतीलच असं नाही. टॉर्शन दुसऱ्या जातीचं.

डेडेकिंड यांनी १८८८ मध्ये नैसर्गिक संख्यांचं जे वर्णन केलं तेही याच घरातलं. शून्य आणि 'पुढचा' या दोन क्रिया, 'पुढचा' एकास एक, शून्य कोणाचाच पुढचा नाही, आणि शून्यासकट बंदिस्त असा प्रत्येक उपसंच म्हणजे अख्खा संच. शेवटची ओळ बीजगणिताच्या भाषेत सांगायची तर या संरचनेला स्वतःखेरीज उपसंरचना नाही. गणिती विगमन म्हणजे एवढंच. याने नैसर्गिक संख्या आकारापुरत्या एकमेव ठरतात. फर्स्ट ऑर्डर वाक्यं कितीही लिहा, तेवढं होत नाही.

काँग्रुअन्स

उपसंचांवरून संबंधांवर जायला फार लागत नाही. काँग्रुअन्स म्हणजे सगळ्या क्रियांशी जुळवून घेणारा समतुल्यता संबंध. संरचना साधी आहे म्हणजे तिचा प्रत्येक काँग्रुअन्स एकतर समानता, नाहीतर सगळ्यांना सगळ्यांशी जोडणारा. वाक्यात दोन जागांच्या संबंधावर 'प्रत्येक' आहे, म्हणजे सेकंड ऑर्डर. ते फर्स्ट ऑर्डरमध्ये उतरेल का? ग्रुपांच्या बाबतीत नाही. पाच आणि त्यापुढच्या प्रत्येक न साठी आल्टरनेटिंग ग्रुप साधा असतो, पण त्यांचा नॉनप्रिन्सिपल अल्ट्राप्रॉडक्ट साधा नसतो. न वाढतो तसे तीन-चक्रांपासून बाकीचे घटक बनवायला अधिकाधिक तीन-चक्रं लागतात, आणि ही वाढ अल्ट्राप्रॉडक्टमध्ये एक अधलामधला नॉर्मल उपग्रुप सोडून जाते.

एककासह क्रमनिरपेक्ष रिंगमध्ये मात्र हाच प्रश्न सोपा. अ आणि ब ला एकत्र आणणाऱ्या सर्वांत लहान काँग्रुअन्समध्ये ग आणि घ एकत्र येतात का? ग वजा घ हा अ वजा ब च्या पटीत असेल तर येतात. 'असा एक र आहे', र हा रिंगचाच घटक. सेकंड ऑर्डर व्याख्या फर्स्ट ऑर्डरमध्ये विरघळली. म्हणून सेकंड ऑर्डर वाक्य लिहून झाल्यावर लगेच थांबू नका. त्या व्हरायटीत बाहेरचा न आतल्या एखाद्या घटकात किंवा ठरावीक मर्यादेत बसतो का ते शोधा. कापरेकरांच्या उदाहरणात सात होता, इथे र आहे.

फंक्शनवरचा क्वांटिफायर: इथे जपून

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे मी पोरांना घाई करू देत नाही.

अनातोली माल्त्सेव यांनी १९५४ मध्ये सिद्ध केलं की एखाद्या व्हरायटीतल्या सगळ्या संरचनांत कुठलेही दोन काँग्रुअन्स परम्यूट होतात (एकामागून एक लावताना क्रम उलटला तरी तेच घटक गाठता येतात), ते नेमकं तेव्हाच जेव्हा त्या व्हरायटीच्या क्रियांपासून बनवलेली एक तीन जागांची राशी म मिळते आणि ती म(क्ष, य, य) = क्ष आणि म(क्ष, क्ष, य) = य या दोन्ही पाळते. ग्रुपमध्ये क्ष गुणिले य चा व्यस्त गुणिले झ, ही ती राशी. एक बाजू दोन ओळींत होते. अ आणि ब एका काँग्रुअन्सने जोडलेले, ब आणि ग दुसऱ्याने. म(अ, ब, ग) घ्या. ब च्या जागी ग ठेवला की अ मिळतो, म्हणजे अ शी तो दुसऱ्याने जोडलेला. अ च्या जागी ब ठेवला की ग मिळतो, म्हणजे ग शी पहिल्याने. क्रम उलटला, काम झालं.

आता सिन्नरहून येणाऱ्या एका हुशार पोरीने विचारलं होतं, 'मॅडम, मग हे सेकंड ऑर्डर वाक्यच झालं ना? असं एक फंक्शन म आहे की या दोन नित्यसमानता पाळल्या जातात.' दिसतं तसंच. पण मी तिला एक कोरा संच दिला: १, २, ३, क्रिया एकही नाही. क्ष आणि य सारखे असतील तर उत्तर झ, नसतील तर क्ष, असं म ठरव म्हटलं. दोन्ही समानता पाळल्या जातात, तपासून बघा. आणि हे म कुठल्याही संचावर चालतं! आता काँग्रुअन्स बघा. क्रियाच नसल्याने प्रत्येक समतुल्यता संबंध काँग्रुअन्स आहे. पहिला १ आणि २ ला जोडतो, दुसरा २ आणि ३ ला. १ पासून पहिल्याने २ आणि दुसऱ्याने ३ गाठता येतो. क्रम उलटा करा: दुसऱ्यात १ एकटाच, तिथून पहिल्याने फार तर २. ३ मिळत नाही. वाक्य खरं, पण काँग्रुअन्स परम्यूट होत नाहीत. म्हणजे त्या वाक्याने आपल्याला काहीच सांगितलं नव्हतं.

चूक तर्कात नाही, फंक्शन कुठून निवडायचं त्यात आहे. पूर्ण अर्थाचा सेकंड ऑर्डर क्वांटिफायर संचावरच्या झाडून सगळ्या फंक्शन्सवरून फिरतो. व्हरायटीवाल्यांना हवा असतो तो फक्त क्रियांपासून जोडून बनलेल्या राशींवरून, म्हणजे क्लोनवरून फिरणारा. म्हणून माझ्याकडे नियम आहे: फंक्शनवर 'प्रत्येक' किंवा 'असं एक' लिहिलंत की बाजूला लगेच लिहायचं, कशातून. ते लिहिलेलं नसेल तर मी पुढची ओळ वाचत नाही.

हायपरआयडेंटिटी हे याचंच सरळ रूप, वॉल्टर टेलर यांनी १९८१ मध्ये त्यांचा व्यवस्थित अभ्यास मांडला. फ(क्ष, क्ष) = क्ष, आणि फ दोन जागांचं कुठलंही. पूर्ण अर्थाने हे दोन घटकांच्या संचावरही खोटं. क्लोनपुरतं घेतलं तर लॅटिसमध्ये खरं, कारण लॅटिसमध्ये दोन चलांच्या राशी चारच: क्ष, य, दोघांचा मीट, दोघांचा जॉइन. चारही तपासा. फ(फ(क्ष, य), झ) = फ(क्ष, फ(य, झ)) हेही चौघांना लागू. फ(क्ष, य) = फ(य, क्ष) नाही, कारण नुसता क्ष ही पण राशीच, आणि पोरं तिला विसरतात. सेमीग्रुपमध्ये गुणाकार साहचर्य पाळतो म्हणून साहचर्याची हायपरआयडेंटिटी खरी असेल असं वाटतं. फ(क्ष, य) = क्षक्षय घ्या. डावीकडे क्षक्षयक्षक्षयझ, उजवीकडे क्षक्षययझ. संपलं.

लिऑन हेन्किन यांनी १९५० मध्ये सेकंड ऑर्डरला असाच मर्यादित अर्थ दिला आणि कॉम्पॅक्टनेस, कम्प्लीटनेस (जे सगळीकडे खरं ते सिद्धही करता येतं) परत मिळवले. पण क्लोन म्हणजे हेन्किन मॉडेल असं बेधडक म्हणू नका. तिथे सूत्राने सांगता येणारं प्रत्येक फंक्शन साठ्यात असावं लागतं. 'क्ष आणि य सारखे असतील तर झ, नाहीतर क्ष' हे सूत्राने सांगता येतं, पण वरच्या कोऱ्या संचाच्या क्लोनमध्ये ते नाही. क्लोनला वेगळ्या जातीचे घटक समजून दोन-तीन जातींच्या फर्स्ट ऑर्डरमध्ये लिहिणं जास्त सुरक्षित.

पूर्ण अर्थ जिथे खरंच लागतो

नाशिक जिल्ह्याच्या १५ तालुक्यांचा नकाशा तीन रंगांत असा रंगवायचा की सीमेला सीमा लागलेले तालुके वेगळ्या रंगाचे. 'असे तीन उपसंच आहेत की प्रत्येक तालुका एकात तरी आहे आणि शेजारी कधीच एकाच उपसंचात नाहीत.' इथे उपसंच पूर्ण मोकळे असावेच लागतात, क्लोनबिन काही नाही. सांत संरचनांवर 'असे संबंध आहेत' ने सुरू होणारी वाक्यं आणि एनपी (उत्तर हातात दिलं तर ते भरभर तपासता येतं असे प्रश्न) हे एकच, असं रोनाल्ड फेगिन यांनी १९७४ मध्ये दाखवलं.

व्हरायटी इथे दुसऱ्या दाराने येते. रंगांचा संच घ्या आणि 'वेगळे असणं' हा संबंध जपणाऱ्या सगळ्या क्रिया, म्हणजे पॉलिमॉर्फिझम, गोळा करा. दोन रंगांसाठी 'तिघांत ज्याचं बहुमत' ही क्रिया जपते, आणि दोन रंगांचा प्रश्न भरभर सुटतो. तीन रंगांसाठी एकच चल उचलून त्यावर रंगांची अदलाबदल करणाऱ्या क्रियांपलीकडे काहीच सापडत नाही, आणि प्रश्न एनपी-कम्प्लीट, म्हणजे एनपीतल्या सर्वांत अवघडांपैकी. रंगांऐवजी कुठलाही सांत साचा ठेवला तरी त्याच्या पॉलिमॉर्फिझमच्या व्हरायटीवरून सोपं-अवघड ठरतं, हे आंद्रेई बुलाटोव्ह आणि दिमित्री झुक यांनी २०१७ मध्ये स्वतंत्रपणे सिद्ध केलं.

तीन रंगांचं वहीत करा. दोन जागांची क्रिया ब घ्या, ब(१,१), ब(२,२), ब(३,३) हे वेगळेच आले पाहिजेत, म्हणून नावं बदलून ते १, २, ३ धरा. ब(१,२) काय असू शकतं? (१,२) हे दोन्ही जागी (३,३) पेक्षा वेगळं, तेव्हा ३ नाही. १ किंवा २ उरलं. एक निवडा आणि उरलेल्या पाच जोड्यांची उत्तरं कशी आपोआप ठरत जातात ते लिहून काढा.